वाळलेले यीस्ट आणि कोमट पाणी

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाची यीस्टशी ओळख नाव कळण्याच्या कितीतरी आधी होते, कारण मिसळीबरोबर समोर येणारा पाव याच एकपेशीय बुरशीने फुगवलेला असतो. पुढे शाळेत किण्वन, म्हणजे साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होण्याची क्रिया, पाठ केली जाते. परंतु साखर कारखान्यातील मळी, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा दाट पाक, हेच डिस्टिलरीचे आणि यीस्टच्या कारखान्याचेही कच्चे द्रव्य आहे, हे उसाच्या या मुलखातही फारसे कोणी सांगत नाही.

हाच माणूस नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला, जेथे १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करण्यास संघराज्याची मुभा मिळाली, तर वाळलेले यीस्ट त्याच्या हाती निराळ्याच कामासाठी येते. साधारण वीस लिटर बिअरला पुरणाऱ्या अकरा-साडेअकरा ग्रॅमच्या पुडीत अब्जावधी पेशी असतात, त्या मेलेल्या नसून थांबलेल्या असतात, आणि ट्रेहॅलोज ही ग्लुकोजच्या दोन रेणूंची साखर त्यांच्या पटलाला कोरडेपणात सांभाळून धरते. खरी कसोटी जागे होताना लागते: वाळलेल्या पटलातील स्निग्ध रेणू घट्ट झालेले असल्याने थंड पाण्यात ते नीट जुळण्याआधीच पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात, आणि म्हणून यीस्टच्या दहापट वजनाचे, ३५ ते ४० अंश सेल्सिअसचे उकळून निववलेले पाणी घेऊन त्यावर यीस्ट भुरभुरतात, पंधरा-वीस मिनिटे थांबतात आणि मग ते मिश्रण हळूहळू वर्टच्या, म्हणजे मॉल्टच्या गोड काढ्याच्या, तापमानाजवळ आणतात. आता काही उत्पादक पुडी थेट वर्टमध्ये टाकण्यास सांगतात आणि साध्या बिअरला ते चालतेही; मात्र वर्ट फार गोड असेल, तर साखरेचा ताण नुकत्याच भिजणाऱ्या पेशींवर पडतो, तेव्हा पाव तासाची ही उठाठेव वाया जात नाही.

निवृत्तीनंतर कोल्हापुरास परतल्यावर ही कला घरात चालत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच वर्षीचा दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर करणे हा गुन्हा ठरतो. घरी पाव करण्यास मात्र कोणाचा परवाना लागत नाही. अर्थात पावाचे यीस्ट आणि बिअरचे यीस्ट जातीने बहुधा एकच असले तरी वाण वेगळे निवडलेले असतात. पावासाठी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून फेस येतो का ते पाहिले जाते, कारण तेथे यीस्ट जिवंत आहे एवढेच कळायचे असते. बिअरचे यीस्ट भिजवताना साखर टाळतात, कारण पटल सावरेपर्यंत पेशीला अन्नापेक्षा निव्वळ पाण्याचीच गरज असते.