पाच नंबरचा माणूस



हिंदी सिनेमा पाहताना घरात कुणीतरी हमखास म्हणतो, "ही तर इंग्रजीची कॉपी!" आणि तिथेच विषय संपतो. पण कॉपी करताना काय घेतले, काय राहून गेले आणि इकडच्या मातीत आल्यावर त्याचे काय झाले, याचा विचार आपण करत नाही. तो करण्यासारखे दोन चित्रपट आहेत. एक १९५७ सालचा अमेरिकन 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आणि दुसरा बासू चटर्जी यांचा १९८६ सालचा 'एक रुका हुआ फैसला'. हा हिंदी चित्रपट अमेरिकन चित्रपटाचा रिमेक म्हणून ओळखला जातो.

कथा थोडक्यात अशी. झोपडपट्टीतल्या एका तरुण मुलावर बापाचा खून केल्याचा आरोप आहे. निकाल द्यायला बारा नागरिकांची ज्युरी एका खोलीत बसली आहे. सर्वांचे एकमत झाले पाहिजे. पहिल्या मतदानात अकरा जण म्हणतात दोषी. फक्त आठ नंबरचा गृहस्थ म्हणतो, "एका मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे, निदान थोडे बोलू तरी." आणि बोलता बोलता पुराव्यांची एकेक वीट निखळत जाते.

मूळ कथा रेजिनाल्ड रोझ यांची. ते स्वतः ज्युरीवर बसून आले होते. त्या अनुभवावरून त्यांनी १९५४ साली टेलिव्हिजनसाठी हे नाटक लिहिले. चित्रपट केला सिडनी लुमेट यांनी, आणि तो त्यांचा पहिलाच. ९६ मिनिटांतली काही थोडी मिनिटे सोडली तर कॅमेरा त्या एका खोलीबाहेर जात नाही. सुरुवातीला तो माणसांच्या डोळ्यांच्या वर असतो, हळूहळू खाली येतो, आणि शेवटी छत दिसू लागते. खोली आवळत चालल्यासारखे वाटते. ही करामत हिंदीत नाही. हिंदी चित्रपट रंगमंचावरच्या नाटकासारखा वाटतो, आवाजही चढे आहेत. अभिनय मात्र कमी नाही. तिशीतले अन्नू कपूर म्हातारा झाले आहेत. पंकज कपूर यांनी तीन नंबरचा संतापी बाप असा उभा केला आहे की पाहणाऱ्याला त्याची भीतीही वाटते आणि कीवही येते.

तरीही सांगते, कारागिरीत मूळ चित्रपट सरस असला तरी काळजाला हिंदीच लागतो. दहा नंबरचा माणूस झोपडपट्टीवाल्यांविषयी गरळ ओकतो, तेव्हा इंग्रजीत ती दूरच्या कुणाला दिलेली शिवी वाटते. तेच हिंदीत आले की आपण सावरून बसतो. कारण 'ये लोग' हे दोन शब्द आपण बसमध्ये, नोकरीच्या ठिकाणी, भाड्याची खोली शोधताना ऐकलेले असतात. चित्रपट जातीच्या प्रश्नाला थेट भिडत नाही. पण आपल्या देशात 'झोपडपट्टी' म्हणणाऱ्याच्या मनात पुष्कळदा काय असते, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

सगळेजण आठ नंबरचे कौतुक करतात. ते योग्यच आहे. ऐकीव आहे म्हणून, चालत आले आहे म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आठ नंबर तेच करतो. पण मला जास्त विचार करायला लावले ते पाच नंबरने. हा माणूस स्वतः झोपडपट्टीत वाढलेला आहे. आणि पहिल्या मतदानात त्यानेही 'दोषी' म्हणूनच हात वर केला आहे! बोलायची पाळी येते तेव्हा तो म्हणतो, मला राहू द्या. चांगले कपडे घालून चांगल्या माणसांत बसला आहे, कशाला ओळख दाखवायची? पण झोपडपट्टीतली पोरे म्हणजे समाजाला धोका, असे कानावर पडू लागते, तेव्हा त्याच्याने राहवत नाही. तो सांगतो, मीही तिथलाच आहे.

पुढे चाकूचा मुद्दा निघतो. जखम वरून खाली गेलेली आहे. खटका दाबून उघडणारा चाकू हातात कसा धरतात, हे त्या खोलीत पाच नंबरलाच ठाऊक असते, कारण त्याने तसल्या मारामाऱ्या अंगणात पाहिलेल्या असतात. तो चाकू खालून वर मारतात, हे तो करून दाखवतो. शिकलेल्या, हुशार माणसांना जे सुचले नाही, ते वस्तीत वाढलेल्याला माहीत होते. तसाच आगगाडीचा मुद्दा. खिडकीलगत गाडी धडधडत जात असताना खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला वरचे शब्द ऐकू आले कसे, यावर ज्युरी बराच वेळ खल करते. रुळालगत राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती एका वाक्यात उत्तर देईल.

आम्हीही मुंबईत रुळालगतच्याच वस्तीत वाढलो. एकदा जवळच्या इमारतीत चोरी झाली आणि पोलीस माझ्या धाकट्या भावाला उचलून घेऊन गेले. पुरावा काय, तर पत्ता! आई चौकीवर जाऊन सांगत होती, "साहेब, पहाटे चारला तो माझ्याबरोबर नळावर होता." साहेब म्हणाले, "सगळ्या आया असंच सांगतात." तेव्हा कोपऱ्यातल्या एका हवालदाराने आईला विचारले, "मावशी, तुमचा नंबर कितवा होता? पाणी किती वाजेपर्यंत होतं?" आईने पुढच्या-मागच्या हंड्यांची नावे सांगितली. हवालदार साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, नंबर लावलेला माणूस नळ सोडून कुठं जात नाही. मी पण असल्याच वस्तीत राहतो." पुढच्या-मागच्या दोघींना बोलावून विचारले आणि दुपारी भाऊ घरी आला. त्या हवालदाराला गप्प बसता आले असते. वरिष्ठांसमोर आपली वस्ती सांगण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हेच मांडले होते. आमच्या वतीने कुणीतरी आमचे मत मांडले म्हणजे पुरे नाही, आमची माणसे स्वतः तिथे असली पाहिजेत. काहीजण प्रतिनिधित्वाला मेहेरबानी समजतात. पाच नंबर तिथे नसता तर चाकूचे सत्य बाहेरच आले नसते. टेबलाशी सगळ्या थरांतली माणसे असतील तरच खरे काय ते कळते.

या टेबलाशी एक उणीव दोन्ही चित्रपटांत आहे. बाराच्या बारा पुरुष! साक्ष द्यायला बाई आहे, निर्णय घ्यायला नाही. अमेरिकेत १९९७ साली याच कथेवर टेलिव्हिजनसाठी नवा चित्रपट निघाला. त्यात ज्युरीवर कृष्णवर्णीय आले आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बाई बसली, पण ज्युरीवर तेव्हाही बाई नव्हतीच.

दुसरी गोष्ट हिंदीपुरती. आपल्याकडे १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मताने आरोपीला निर्दोष ठरवले. तो कौल टिकला नाही, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी राहिलीच नाही. म्हणजे १९८६ च्या चित्रपटातली ती खोली आपल्या देशात नव्हतीच. अमेरिकन प्रेक्षकाला वाटले असेल, उद्या मलाही तिथे बसावे लागेल. आपल्या प्रेक्षकाला तसे वाटण्याचे कारण नव्हते.

पण तशा खोल्या आपल्याकडे कमी आहेत का? पोलीस चौकी, नोकरीची मुलाखत, शाळेतला प्रवेश, सोसायटीची मीटिंग. आपल्या मुलांचे निकाल तिथे रोज लागतात आणि पुष्कळदा पत्ता पाहूनच लागतात. शिकून-सवरून आपलीही मुले आता त्या टेबलाशी बसू लागली आहेत. त्यांच्यातले काही आडनाव बदलतात, पत्ता सांगायचे टाळतात, वस्तीचा विषय निघाला की खाली पाहतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, अपमान काय असतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांनी पाच नंबर एकदा बघावा. तोही आधी गप्पच होता.

तेव्हा रविवारी वंदना झाली की विहारात हा हिंदी चित्रपट मुलांना अवश्य दाखवा, जमल्यास मूळही दाखवा. आणि संपल्यावर मुलांना विचारा, पाच नंबर शेवटपर्यंत बोललाच नसता तर काय झाले असते?