उडीचा माथा

फोटो काढणाऱ्याला आयुष्यात दोन तऱ्हेची माणसे भेटतात. कॅमेरा दिसताच दगड होणारी आणि काही केल्या स्थिर न राहणारी. पहिल्या वर्गात आपली बहुतेक नातेवाईक मंडळी येतात, दुसऱ्यात त्यांची मुले! बॅले नाचणाऱ्यांचा मात्र तिसराच वर्ग मानावा लागेल. स्थिर राहा म्हटले तर ती पायाच्या बोटांवर स्थिर राहतात आणि उडी मारा म्हटले तर दहा वेळा तीच उडी मारतात.

हा अनुभव मला भाचीमुळे आला. तिला परदेशातल्या एका बॅले-शाळेकडे अर्ज करायचा होता. अशा अर्जाला नुसती गुणपत्रिका पुरत नाही. ठरावीक पवित्र्यांची छायाचित्रे लागतात. एका पायावर तोल सांभाळून दुसरा पाय मागे सरळ उचलायचा, तो ‘अराबेस्क’ त्यांत बहुधा असतोच. पोरीला पुढे बोलवायचे की नाही, हे त्या चित्रांवरून ठरणार होते. म्हणून आम्ही एक दिवस स्टुडिओ भाड्याने घेतला. भाची, तिची आई म्हणजे माझी ताई, तिच्या नृत्यशिक्षिका बाई आणि मी.

स्टुडिओत सूर्य आपल्या हातात असतो, हे त्याचे मोठे सुख. प्रकाश समोरून टाकला की चेहरा छान येतो, पण अंग पुठ्ठ्यातून कापल्यासारखे सपाट दिसते. तोच दिवा बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर नेला की पोटरीचा स्नायू, घोट्याची शीर, पाठीची पन्हळ सारे उठून येते. रंगमंचावरही नर्तकांसाठी विंगेतून असेच दिवे लावतात. मागे काळा पडदा असला, तर देह अंधारातून कोरून काढल्यासारखा वाटतो.

उडीसाठी खोली जवळजवळ काळोखी करायची. मग खरे काम फ्लॅश करतो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळ तो लखलखतो आणि तेवढाच क्षण चित्रात उतरतो. पण तो क्षण कोणता? दीड फूट उंच उडी घेणारी मुलगी हवेत असते जेमतेम ०.६ सेकंद. गंमत अशी, की त्यातला निम्मा वेळ ती उडीच्या वरच्या पाव भागातच असते, कारण माथ्याजवळ वेग मंदावतो. त्यातच ती हात-पाय वर उचलते, त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि डोके क्षणभर एकाच पातळीत तरंगल्यासारखे दिसते. हा भास तिने वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमावलेला असतो. उडी दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला मात्र उतरणारे पाय मिळतात. गुडघे वाकले, की मनात मोजायला लागावे आणि दिसण्यापूर्वीच दाबावे.

हे साधन पूर्वी नव्हते, म्हणून केवढे हरपले! वास्लाव निजिन्स्कीने १९११ मध्ये ‘ल स्पेक्त्र द ला रोज’ या बॅलेत खिडकीतून घेतलेली झेप दंतकथा होऊन बसली. पण तो नाचत असतानाची फिल्म आज उपलब्ध नाही. स्टुडिओतली चित्रे आहेत, ती बहुतेक धरून ठेवलेल्या पवित्र्यांची. पुढे जॉन मिलीने विजेच्या फ्लॅशची करामत दाखवली. १९४७ मध्ये त्याने नोरा के या नर्तिकेची पावले एकामागून एक लखलखाटांनी एकाच चित्रात उमटवली. काळ्या पार्श्वभूमीवर एकाच बाईची जणू मिरवणूक!

तसाच काळा पडदा लावून मी भाचीची एक झेप टिपली. ताई हरखली. “किती हलकी दिसते रे! हेच पाठवू या.”

भाचीने चेहऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती पावलाकडे पाहत होती. “मामा, घोटा आत मुरडलाय बघ. हे नको.”

बाईंनी तर पडदाच काढायला लावला. फिकी भिंत, दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ प्रकाश. ताई कुरकुरली, “अहो बाई, अशाने पासपोर्टच्या फोटोसारखं होईल.”

“होऊ दे,” बाई म्हणाल्या. “सावलीत गुडघा लपवायचा नाही. वाकडा असेल, तर वाकडा दिसू दे. तिथे गेल्यावर काय सावली बरोबर नेणार आहे?”

माझे दिवे भाचीला होती त्याहून मोठी नर्तिका करू शकत होते. म्हणूनच ते बाईंना नको होते. पंधरा वर्षांच्या मुलीने आपला पाय जसा आहे तसा परक्या परीक्षकांपुढे ठेवायचा, याला धीर लागतो. तो अराबेस्क तिने एकवीस वेळा धरला. विसाव्या वेळी पाय थरथरत होता. एकविसाव्याला थांबला आणि तेच चित्र तिने निवडले.

अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे. काळ्या पडद्यावरची झेप ताईने चौकट करून दिवाणखान्यात लावली. फराळाला येणारे तिच्यापुढे थबकतात, चकलीचा घास तोंडात तसाच ठेवून “वाऽ!” म्हणतात. भाची तेवढी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.