दुसरा फ्यूज

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा माणदेशातल्या गावागावांतून गाड्या येतात. एरवी मेंढरं आणि कडबा वाहणाऱ्या पिकअप धुतल्या जातात, मागे वूफर चढतात. माझ्या मामेभावाच्या गाडीतही चढले. पुढची एक बॅटरी पुरेना, म्हणून त्याने मागे दुसरी बसवली.

हिशेब साधा आहे. १,२०० वॉट ओढणारं मशीन घरच्या २३० व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर घेतं. १२ व्होल्टवर त्याला १०० लागतात. म्हणून वायर करंगळीएवढी जाड. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं की व्होल्ट तेवढेच राहतात, साठा वाढतो.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, त्यामुळे कुणी त्याला घाबरतही नाही. पण गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लसची वायर घासून सोलली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर लाल होते, वरचं प्लास्टिक पेटतं. फ्यूज असतो तो या वायरसाठी. वायर सोसते त्याहून मोठा फ्यूज घातला, तर आधी वायरच जळणार.

वायरिंगवाल्या काकांनी पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला आणि मागच्या बॅटरीसाठी दुसरा मागितला.

"एक लावलाय की काका," भाऊ म्हणाला.

"दोन टाक्या एका पायपानं जोडल्या, अन् पायप मधीच फुटला. एका टाकीचा कॉक बंद केलास, तर दुसरीचं पाणी थांबतं व्हय?"

टँकरची वाट बघत वाढलेल्या पोराला यापुढे समजवावं लागलं नाही. पण तसला फ्यूज दुकानात शिल्लक नव्हता आणि रथ दुसऱ्या दिवशी होता. भाऊ म्हणाला, "एक दिवस तार घाला." काकांनी नकार दिला आणि वायर दोन्ही टोकांना सोडून टेप गुंडाळली.

यात्रेत आमचा आवाज सगळ्यांत बारीक होता. भाऊ दिवसभर कुणाशी धड बोलला नाही. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, घर तिच्यावरच चालतं; पण त्या दिवशी त्याला फक्त शेजारचे वूफर ऐकू येत होते.

रात्री परतताना गुलालाने माखलेली पोरं मागे एकमेकांवर रेलून झोपली होती. त्यांच्या पायांखालून ती जाड वायर गेली होती, दोन्ही टोकांना मोकळी.