मॉरिसव्हिलची कुरणे आणि आमची वाडी

थोरल्या मुलीकडे व्हरमाँटमधील मॉरिसव्हिलला दोन महिने राहून आलो. लमॉईल नदीकाठचे टुमदार गाव. घरे गावात, आणि जरा बाहेर पडले की कुरणे, गोठे, गाई. एवढी जमीन बंगल्यांच्या तावडीतून सुटली कशी, असे जावईबापूंना विचारले. ते म्हणाले, "बाबा, ती आपोआप सुटली नाही."

1970 साली तेथे कायदा झाला. गावचे झोनिंग वेगळेच. शिवाय मोठ्या वसाहतीला जिल्हा मंडळाची परवानगी लागू लागली, आणि सुपीक जमीन किती जाणार, हा प्रश्न मंडळ विचारणारच. 1978 च्या कायद्याने शेतजमिनीवर शेतीच्याच मोलाने कर बसवण्याची सोय झाली, प्लॉटच्या भावाने नव्हे. 1987 पासून सरकारी निधीतून शेतकऱ्याचा बांधकामाचा हक्क विकत घेतात. जमीन त्याचीच राहते. त्याच निधीतून परवडणारी घरेही होतात, याची मला मोठी मौज वाटली. तरी तरुणांना घर मिळेना, म्हणून 2024 साली वस्तीच्या केंद्रांपुरत्या 1970 च्या अटी सैल केल्या. कुरकूर तिथेही आहेच!

आमची अलिबागकडची वाडी मात्र विकायला निघाली आहे. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, हा 1948 चा कायदा आपल्याकडेही आहे. पण एकदा बिनशेती झाली की संपले. बांधकामाचा हक्क तेवढा घेऊन खाचरे आमच्याकडे ठेवणारा कोणी असता, तर धाकट्या भावाच्या मुलीचे लग्नही निभावले असते. त्याला पैशांची गरज आहे, हे मला नाकारता येत नाही. कागद टेबलावर आहेत. तिघांच्या सह्या झाल्या, चौथी माझी.