तित्तराची हाक आणि पाण्याचा ताळेबंद

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही काही सहकारी नगरहून हिवरे बाजारला गेलो. (2024 पासून जिल्हा अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच!) टेकडीच्या गवतातून तित्तर ओरडत होता.

तित्तर, लावा, मोर हे एकाच कुळातले. विलायतेत यांच्या भाऊबंदाच्या, फेझंटच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने तित्तराची शिकार बंद आहे.

हिवरे बाजारची माणसे जमली ती श्रमदानासाठी. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. चर खणून पाणी डोंगरावरच मुरवले. गुरे मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचे. गवत राहिले की जमिनीवर घरटे करणाऱ्या तित्तराला आडोसा मिळतो. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, हे तर आमच्यासारख्या कारकुनाला फारच भावले.

परतताना मात्र एक प्रश्न सोबत आला. फासे लावून तित्तर धरणारा तो फासेपारधी. इंग्रजांनी या जमातीवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 साली कायद्याने पुसला. वीस वर्षांनी कायद्याने त्याचा फासाही काढून घेतला. तो योग्यच, पण बदल्यात जमीन, शाळा, रोजगार किती जणांना मिळाला?

बंधूभगिनींनो, पाखरू वाचलेच पाहिजे. माणसाची बाजूही ताळेबंदात मांडली पाहिजे. त्याशिवाय तो जुळणार नाही.