बिनफितीची कॅसेट

दोन पिढ्यांची माणसे एका छपराखाली राहतात, भांडतात, महिना महिना अबोला धरतात आणि सणावाराला पुन्हा एका पंगतीला येऊन बसतात. मध्ये एखादी आत्या किंवा मावशी असते; ती इकडचे तिकडे सांगते आणि सांगताना थोडे गोड करून सांगते. यंत्रांना अशी आत्या नसते. एकाची पिन दुसऱ्याच्या भोकात बसली नाही की संबंध तुटला. मग आत्या बाजारातून विकत आणावी लागते. आमच्याकडे ती दीडशे रुपयांना आली. तिचीच ही हकिकत आहे.

आमची गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००३ साली घेतली. त्या वेळी आमच्या ओळखीतले बरेच लोक गाडी नुसती घेत आणि टेप मागाहून बाजारातून बसवून घेत. आमच्या गाडीचा टेप मात्र कंपनीकडूनच बसवून आलेला होता आणि अण्णांना गाडीपेक्षा त्याचाच अभिमान अधिक होता. पाहुणे गाडीत बसले, की ते इंजिनाबद्दल अवाक्षर न बोलता टेपकडे बोट दाखवीत आणि म्हणत, “कंपनीचा आहे. वेगळा बसवलेला नाही.” खरेच तो वेगळा वाटत नसे. डॅशबोर्डाचा आणि त्याचा रंग एक, बटणांची गोलाई एक. रात्री सगळीकडे सारखाच नारिंगी उजेड पडे. जणू गाडी जन्मतानाच गाता गळा घेऊन आली होती.

पण कंपनीच्या वस्तूचा जो गुण, तोच तिचा हट्ट. बाजारचा टेप चौकटीतून उपसून दुसरा बसवता येतो. हा डॅशबोर्डाच्या अंगाचाच भाग. त्याला दोनच गोष्टी कळत: कॅसेट आणि रेडिओ. बाहेरची तार आत घ्यायला त्याच्या तोंडावर भोक नव्हते. हजार गाणी खिशात घालून हिंडण्याचा आयपॉड अमेरिकेत २००१ सालीच निघाला होता. पण वाईच्या बाजारात २००३ साली त्याची वार्ता कोणाला? आम्ही कॅसेटी घेत होतो आणि सुखी होतो.

अण्णांना जाऊन सात वर्षे झाली. गाडी राहिली, पंधरा वर्षे भरल्यावर तिची फेरनोंदणी करून घेतली. एरवी ती अंगणात उभीच असे. मागच्या पावसाळ्यापासून मात्र तिला आठवड्यातून दोन दिवस काम लागले. आईची मूत्रपिंडे थकली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायालिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागते. जायला तास, यायला तास आणि मधले चार तास यंत्राशेजारी. शाळा सकाळची असल्यामुळे मी दुपारची वेळ मागून घेतली.

ज्यांच्या घरात हे दुखणे आहे त्यांना सांगायला नको. पाण्याचा घोटन् घोट मोजायचा. केळे नको, नारळपाणी नको. परतताना माणूस असे गळून जाते, की ‘बरे वाटते का’ हा प्रश्नदेखील विचारू नये. उत्तर द्यायला त्याला श्रम पडतात. पण मला त्याहून जड जाई तो जातानाचा तास. आई खिडकीबाहेर पाहत बसे. ती आयुष्यात कधी गप्प राहून काम करणारी बाई नव्हे. भाजी निवडताना, दिवा लावताना, भांडी विसळताना तिच्या ओठांत काही ना काही चाललेले असे. ते गुणगुणणे कधी थांबले हे आमच्यापैकी कोणालाच कळले नाही. पंख्याचा आवाज बंद झाल्यावर उकडू लागते, तेव्हा लक्षात येते, तसे झाले.

एके दिवशी आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो असताना ती एकदम म्हणाली, “ह्यांच्या टेपवर गीतरामायण लागायचं ना रे?”

गीतरामायण म्हणजे गदिमा आणि बाबूजी, एवढे सांगितले तरी मराठी वाचकाला पुरे. १९५५च्या एप्रिलात पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला नवे गाणे येत राहिले. अशी एकूण ५६ गाणी. आईचा जन्म त्याच सुमाराचा. आमची आजी म्हणे, की शेजारच्या वाड्यात रेडिओ होता आणि तिच्या मांडीवर दूध पीत पीतच हिने ती गाणी पहिल्यांदा ऐकली. आजीच्या सांगण्यात भर किती आणि खरे किती याचा हिशेब मी कधी केला नाही.

घरी येऊन कॅसेटींचा खोका उघडला. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती, काही उन्हाने वाकल्या होत्या. गाणी मिळायला अडचण नव्हती. भाच्याने अमेरिकेहून येताना त्याचा जुना आयपॉड माझ्या मुलीला दिला होता. ते यंत्र बनवणे कंपनीने २०२२ साली कायमचे बंद केले. पण आमचे अजून धडधाकट आहे. मुलीने एका रात्रीत छप्पन्न गाणी त्यात भरली. आता प्रश्न एवढाच उरला, की ह्या काडेपेटीएवढ्या यंत्रातला राम त्या हट्टी टेपच्या गळ्यात उतरवायचा कसा?

गॅरेज चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मराठीच्या तासाला तो सदैव खिडकीबाहेर रस्त्यावरच्या गाड्या पाही. त्याचे सार्थक झाले आहे. त्याने टेपकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, ह्यो काढून टाकू. नवा बसवतो. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, समदं येतं त्यात. डॅशबोर्ड जरासा कापावा लागंल.”

आई मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, “कापायचं नाही.”

“मावशी, दिसणार बी न्हाई.”

“दिसण्याचं नाही रे बाळा. ती बटणं ह्यांच्या हाताखालची आहेत.”

आवाजाच्या बटणावरचा पांढरा आकडा पुसून गेला आहे. अण्णांच्या अंगठ्याने तो पुसला. हे मला माहीत होते. पण आईलाही माहीत आहे, हे त्या दिवशी कळले. विद्यार्थ्याने हातातला पेचकस खिशात घातला. मराठीत त्याला कधी पस्तीसच्या वर गुण मिळाले नाहीत. पण वाक्याचा अर्थ त्याला त्या क्षणी माझ्याआधी कळला.

मग एक छोटा एफएम ट्रान्समीटर लावून पाहिला. सिगारेट लायटरच्या भोकात तो खोचायचा, त्याची तार आयपॉडला द्यायची. तो गाडीच्या आतल्या आत स्वतःचे चिमुकले आकाशवाणी केंद्र सुरू करतो आणि रेडिओवर ते लावायचे. युक्ती सुरेख. पण त्याची ताकद चार-दोन पावलांची. त्यासाठी एफएमच्या पट्ट्यावर, म्हणजे ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान, ओसाड जागा शोधावी लागते. वाईत ओसाड असलेली जागा साताऱ्याजवळ ओसाड राहत नाही. ऐन वनवासाच्या प्रसंगी कुठल्याशा सोन्याच्या दुकानाची जाहिरात घुसे. कैकेयीच्या मागण्या ऐकत असताना दागिन्यांवरची सवलत ऐकणे अगदीच विसंगत होते असे नाही; पण आईला ते रुचले नाही.

शेवटी पुण्याला तपकीर गल्लीत एका दुकानदाराने तळाच्या खोक्यातून ती आत्या काढून दिली. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही. एका कडेने काळी बारीक तार बाहेर आलेली, तिच्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन. (ही पिन मोठ्या घराण्यातली आहे. तिची पाव इंच जाडीची थोरली बहीण एकोणिसाव्या शतकात टेलिफोनच्या जोडणीघरात ह्या फळीवरून त्या फळीवर नाचत होती.)

विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. तरी ही वस्तू मी दोन रात्री उलटसुलट पाहिली आणि मला ती कळली, तुम्हालाही कळेल. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली. तिच्यातली फीत चार मिलिमीटरलाही किंचित कमी रुंद. ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर ह्या चालीने टेपच्या एका लहानशा धातूच्या तुकड्यासमोरून सरकते. त्याला हेड म्हणतात. फितीवर गाणे नसतेच. असतात ते लोहचुंबकीय कणांचे कमी-अधिक ठसे. ते समोरून जातात तसतशी हेडमध्ये अगदी क्षीण वीज उमटते आणि तिचाच पुढे आवाज होतो. म्हणजे हेड बिचारे आंधळे आहे. समोर फीत आहे की नाही हे त्याला दिसत नाही. त्याला कळतो तो केवळ चुंबकाचा चढउतार.

हा आंधळेपणाच ह्या नकली कॅसेटने हेरला. जिथे फीत यायची नेमक्या तिथे तिच्यात दुसरे एक हेड बसवले आहे. आयपॉडमधून आलेली वीज त्यात शिरते आणि गाण्याबरहुकूम चुंबकीय चढउतार करते. दोन हेडे समोरासमोर. टेपचे हेड समजते, फीतच चालली आहे. आत दोन-चार दातेरी चक्रेही असतात, कारण चाके फिरली नाहीत तर टेपला संशय येतो आणि तो बंद पडतो. कादंबरीकाराला ह्यात धंदाबंधुत्व वाटले तर नवल नाही. आम्हीदेखील चाके फिरती ठेवतो आणि फीत आहे असे भासवतो.

पहिल्या दिवशी गाणे लागले ते असे, की आई म्हणाली, “मागं कोण रडतंय?” खरोखरच गाण्यामागे एक बारीक सूर होता, गाडीचा वेग वाढला की तो चढे, कमी झाला की उतरे. विद्यार्थी म्हणाला, “सर, चार्जिंगची वायर काढा.” आयपॉड गाडीच्याच विजेवर लावला होता, तीच वीज आणि आवाजाची तार असा दुहेरी फेरा पडला, की गाडीतल्या वीजजनित्राचे कण्हणे गाण्यात शिरते. वायर काढली, रडणे थांबले. तेव्हापासून आयपॉड रात्री घरीच चार्ज करतो. त्याचा आवाज पाऊणपर्यंत ठेवतो आणि उरलेला कमी-जास्त अण्णांच्या बटणाने. टेपवरचे डॉल्बीचे बटणही बंद ठेवतो. फितीची खरखर दाबायला ते असते, आणि फीतच नाही तिथे ते उगाच गाण्यातली धार मारते.

दुसरे विघ्न म्हणजे टेपला मधूनच वाटे, की बाजू संपली. तो खटकन आवाज करून बाजू पालटी आणि मुका होई. विद्यार्थ्याने कॅसेटचे बारीक स्क्रू काढून आतल्या चक्रांना सुईच्या टोकाने तेलाचा थेंब दिला, टेपचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसले. पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाला, “सर, ह्ये टिकंल.”

तिसरे विघ्न मात्र आईनेच ओळखले. आयपॉडला गाणी पिसायची खोड असते; पत्त्यांसारखी. आधी सेतू, मग स्वयंवर, मग पुत्रकामेष्टी. आई पाचवडपर्यंत सोसत राहिली आणि मग मागून म्हणाली, “अरे, अजून ह्याचा जन्म व्हायचाय आणि बायको चोरीला गेलीसुद्धा?” मी गाडी कडेला घेतली. मुलीला फोन करून ती खोड कशी मोडायची ते विचारले. मागे वळून पाहिले तर आई हसत होती. कित्येक महिन्यांत मी ते पाहिले नव्हते.

तेव्हापासून आम्ही क्रमाने जातो. जिथे घर येते तिथे थांबतो आणि पुढच्या खेपेला तिथूनच निघतो. आता कोणत्या गावाला कोणता प्रसंग येतो हेही ठरून गेल्यासारखे झाले होते. पण पावसात वाहतूक खोळंबते आणि सारा हिशेब बिघडतो. एकदा टोलनाक्याच्या रांगेतच आख्खा चित्रकूट उरकला. जाताना ती शब्दांबरोबर ओठ हलवते. परतताना डोळे मिटलेले असतात, मला वाटते झोपली, म्हणून मी आवाज कमी करायला हात नेतो, तर म्हणते, “राहू दे.”

मुलगी परवा सांगत होती, की आता बिनतारी कॅसेटदेखील मिळते. पोटात ब्लूटूथ असते, तारेची कटकट नाही. आयपॉडची बॅटरी उतरू लागली आहे, तेव्हा एखादे दिवशी तीही आणावी लागेल. टेपला काय, कॅसेटच्या आकाराचे कोणीही चालते.

गेल्या शुक्रवारी साताऱ्याहून निघायला अंधार पडला. डॅशबोर्ड नारिंगी झाला होता. पाचवडचे वळण घेतले तेव्हा वानरांचा सेतू बांधून झाला होता आणि सैन्य पलीकडे उतरायचे होते. घर अजून बरेच दूर होते. आई म्हणाली, “आता बंद कर.”

“का गं? त्रास होतोय का?”

“नाही. लंका मंगळवारी.”