गुंडीआडचा क्रूस

नियम सर्वांना सारखा लावला की न्याय झाला, अशी एक सोयीची समजूत आहे. धामणगाव बढे येथील रस्त्यावरून जाताना आम्हांला ती खरी वाटत नाही. मोताळा तालुक्यातील या गावी कपाळावरचा टिळा दिसतो, टोपी दिसते, बुरखा दिसतो. आमच्या गळ्यातील क्रूस मात्र सदऱ्याच्या आत असतो. उद्या शाळा-कचेऱ्यांत सर्वच धर्मचिन्हांना मनाई झाली, तर आम्हांला फार तर वरची गुंडी लावावी लागेल. शेजारच्या मुलीला मात्र शाळा हवी की डोक्यावरची ओढणी, हे ठरवावे लागेल.

ही केवळ कल्पना नव्हे. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी, बॅज यांना मनाई केली, तेव्हा नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बॅज यांपुरती ती मनाई स्थगित केली. वर्गात बुरख्याला मात्र मोकळीक दिली नाही. विद्यार्थ्यांचा धर्म कळू नये म्हणून हा नियम, असा महाविद्यालयाचा युक्तिवाद होता. नावावरून धर्म कळत नाही काय, टिळा-टिकलीवरही बंदी घालणार काय, असे न्यायमूर्तींनी विचारले. प्रश्न साधा, पण नेमका! बहुसंख्यांचे चिन्ह इतके सवयीचे होते की, ते चिन्ह आहे हेच कोणास सुचत नाही.

फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी केली. गळ्यातला लहानसा क्रूस चालतो. शीख मुलाने पगडी लहान कशी करावी, हे मात्र कायदा सांगत नाही.

येथवर लिहिणे आम्हांस सोपे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीतील पल्लुरुथी येथे आपल्याच एका कॅथलिक शाळेत हिजाबवरून वाद झाला. शाळा दोन दिवस बंद राहिली. गणवेश ठरविण्याचा शाळेचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात तो मान्यही केला होता. पण नियम समजावून सांगणाऱ्या मुख्याध्यापिका धर्मभगिनी, त्यांच्याही मस्तकावर शिरोवस्त्र! भगिनींनी व्रत घेतले आहे, मुलीने नाही, हे उत्तर आम्ही घरी एकमेकांना देऊन पाहिले. त्या मुलीपुढे ते उच्चारण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.